गोरखतात्या आणि बिनदिव्याचा उजेड

आमचे गोरखतात्या देवळात गेले तरी आधी चपला बघतात, मग देव. स्वतःच्या नव्हे, शेजारच्याच्या. आपल्यापेक्षा चांगल्या चपला कुणी सोडल्यात का, आणि सोडल्या असतील तर तो गडी आत एवढा डोळे मिटून कसा उभा आहे, हा त्यांना पडणारा पहिला प्रश्न. निवांत माणूस दिसला की तात्यांना चैन पडत नाही.

पूर्ण नाव गोरक्षनाथ. गावात त्यांचं दूध संकलन केंद्र आहे, आम्ही नुसतं डेअरी म्हणतो. आमचं गाव हिवरे बाजारच्या शेजारचं. त्या गावाचं नाव पेपरात येतं, आमचं लाईटबिलावर येतं, एवढाच दोघांत फरक. डेअरीला लागूनच तात्यांचं घर आहे, समोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ लागतात. त्यामुळं उठसूट 'आद्या' म्हणून हाक मारायचा त्यांना हक्क आहे, आणि ती ऐकू न आल्याचं सोंग करायचा मला.

कुणी दूध घेऊन आलं की तात्या आधी दूध बघत नाहीत, आणणाऱ्याचं तोंड बघतात. मग दुधात बोट बुडवून ते उभं धरतात आणि थेंब कसा ओघळतो ते न्याहाळतात. मग फॅटचं मशीन. मशीनवर त्यांचा विश्वास आहे असं कुणी समजू नये. मशीन आणि माणूस एकमेकांना सामील नाहीत ना, एवढीच ती खात्री. एकदा साळूबाई नावाची म्हातारी या तपासणीला वैतागून म्हणाली, "गोरख, म्हैस हितं तुझ्यापुढं आनून पिळू का?"

तात्या म्हणाले, "आन. पन येताना तिला पाणी पाजू नको."

हा सगळा कारभार सकाळी एकदा आणि दिवस मावळताना एकदा. सूर्य डोंगराआड जायला लागला की तात्या डेअरीतली ट्यूब लावतात आणि तिच्याखाली उभे राहतात, ते पार अंधार झाल्यावरच बाहेर येतात. वर्षानुवर्षं असंच. स्वतःच्या लग्नाला गोरज मुहूर्त निघाला होता तर तोही त्यांनी बदलून घेतला होता, असं केशरकाकू, म्हणजे त्यांची बायको, अजून सांगतात. कारण काय, तर डेअरी.

तात्यांचा मुलगा हर्षल सुप्याला कंपनीत आहे. त्याचं लग्न मे महिन्यात झालं. मुलगी नेवाशाकडची, रेश्मा. प्रवरेच्या अगदी काठावरचं गाव, जिथं जायकवाडीचं पाणी मागं सरकत येऊन नदीला फुगवतं. आमच्याकडं नदी नाही, ओढा आहे, आणि तोही बंधारे घालून कसाबसा थांबवलेला. त्यामुळं एवढं पाणी आयतं मिळालेली माणसं तात्यांना मुळातच संशयास्पद. त्यात मुलगी चित्रकलेचा कोर्स केलेली.

लग्नात वधूपक्षाचं रुखवत मांडलेलं होतं. मोत्यांची बैलगाडी, सुपारीचे भटजी, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, थर्माकोलचा खर्ड्याचा किल्ला. आणि या सगळ्याच्या मागं, टेबलाला टेकवून ठेवलेलं रेश्मानं काढलेलं एक मोठं चित्र. खाली चिठ्ठी: 'संध्याकाळ'.

माझं चित्रकलेचं शिक्षण एलिमेंटरी परीक्षेपर्यंत, सी ग्रेड. आमच्या शाळेत निसर्गचित्र म्हणजे दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध करवतीच्या पात्यासारखा सूर्य, त्याच्या पायातून निघालेली नदी आणि काठावर नारळ. नगर जिल्ह्यात नारळ कुठून आले, हे सरांनीसुद्धा कधी विचारलं नाही. तात्या असते तर विचारलं असतं.

या चित्रात मात्र डोंगर नव्हते, सूर्यही नव्हता. तो नुकताच गेलेला. आकाशाच्या तळाशी केशरी पट्टा, वर जांभळट, त्याच्याही वर चुलीतल्या विझत्या राखेचा रंग. दोन्ही काठ काळे पडलेले; बाभूळ कुठली, चिंच कुठली, ओळखू येत नव्हतं, नुसते गर्द पुंजके. पण पाणी उजळ. जमीन झोपली होती आणि पाणी अजून जागं होतं. आणि उजव्या हाताला, पलीकडच्या काठापासून आपल्याकडं येणारी एक पिवळी रेघ. पाण्यावरून थरथरत आलेली, मध्येच एका जागी तुटलेली आणि मग पुन्हा सुरू झालेली.

बायका येत होत्या, सुपारीच्या भटजींना नावाजत होत्या आणि चित्राला 'छान हाय' म्हणून पुढं जात होत्या. तात्या थांबले. बराच वेळ थांबले. हात मागं बांधलेले, मान पुढं काढलेली. रेश्माची आई सत्यशीलाबाई दुरून बघत होत्या. त्या कौतुकानं कुणाला तरी म्हणाल्या, "व्याह्यांना चित्रातलं लई कळतंय जनू."

तात्यांनी मला भज्यांच्या घाण्यापासून ओढून बाजूला घेतलं.

"आद्या, दिवा कुठाय?"

"कसला दिवा?"

"पाण्यात उजेड हाय. वर दिवा न्हाई."

मी पुन्हा जाऊन बघून आलो. खरंच नव्हता. रेघ जिथून सुरू होत होती तिथं वर नुसतं काळं झाड. मी म्हणालो, "तात्या, चित्र आहे ते. राहिलं असेल काढायचं."

"चित्र हाय म्हनूनच म्हनतोय. फोटूत कायबी आपसूक येतं. चित्रात जे हाय ते कुनीतरी बसून घातल्यालं असतं. आन जे न्हाई ते कुनीतरी बसून गाळल्यालं असतं." तात्यांनी आवाज खाली आणला. "मधी रेघ तुटलीय बघ. तितं काईतरी हुतं. पुसलंय."

"काय असेल?"

"काय न्हवं. कोन."

तर असं सगळं मांडवातच सुरू झालं. अक्षता पडायच्या आधी.

लग्न झालं, नवरी घरी आली, बैलगाडी आणि बंगला शोकेसमध्ये गेले. चित्र मात्र बेडशीटमध्ये गुंडाळून, तोंड भिंतीकडं करून लोखंडी कपाटामागं उभं राहिलं. रेश्मानं विचारलं, "मामा, पुढच्या खोलीत लावू का?" सासरे म्हणाले, भिंतीला ओल आहे. पाऊस संपला तेव्हा म्हणाले, खिळा ठोकला तर गिलावा पडेल. मग पितृपक्ष लागला. तो संपल्यावर तात्यांकडं कारण उरलं नाही, म्हणून त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. ते माझ्याकडून उचललं असावं.

याच काळात जेवताना तात्या सहज म्हणून प्रश्न टाकायचे. "तुमच्याकडं सांच्याला लोकं बॅटऱ्या लई वापरत्यात का गं?" किंवा "पल्याडच्या काठाला कुनाची वस्ती हाय?" रेश्मा सुरुवातीला साधी उत्तरं द्यायची. एक दिवस तिनं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला आणि सासऱ्यांकडं नीट पाहिलं. तिला समजलं होतं. मागून केशरकाकूंनी मला सांगितलं की ती त्या रात्री जेवली नाही.

हर्षल दोघांच्या मध्ये पडला नाही. त्यानं ओव्हरटाईम घेतला.

दिवाळी जवळ आली तशी रेश्मानं स्वयंपाकघरात काकूंना शांतपणे सांगितलं, "आत्या, दिवाळसणाला जाताना मी चित्र घेऊन जाते. तिकडं भिंतीला ओल नाही."

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. रुखवतात आलेली वस्तू माहेरी परत जाते ती केव्हा, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. लोक म्हणाले असते, आज चित्र गेलं, पुढच्या खेपेला पोरगी जाईल. आणि रेश्मा अशी गंमत म्हणून बोलणारी नव्हती. चित्र गेलं असतं तर तिचं मन त्याच्यासोबत गेलं असतं, आणि मन गेलेली माणसं किती दिवस राहतात? काकू रडवेल्या होऊन तात्यांना म्हणाल्या, "आवो, लावा की ते भितीला!"

"लावतो," तात्या म्हणाले. "आधी कळू तर दे भितीला काय लावतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. ऐकू आली, कारण ते दुकानाच्या आतच येऊन उभे होते. "तुझं ते बारीक बघायचं भिंग घी. आन मोबाईल."

रेश्मा मागं पाणी भरत होती. आम्ही बेडशीट सोडलं, चित्र पलंगाला टेकवलं, ट्यूब लावली आणि दोघंही गुडघ्यावर बसलो. मोबाईलचे पार्ट बघायचं भिंग मी तुटलेल्या रेघेवर धरलं.

"मानूस दिसतोय?"

"रंग दिसतोय."

"रंगाखाली?"

"रंगाखाली कापड असतं, तात्या."

"नखानं खरवड की जरा."

"चहा घेता का मामा? का आधी खरवडून घेता?"

रेश्मा दारात उभी होती, हातात दोन कप. मी भिंग खिशात घातलं. तात्या हलले नाहीत. पकडला गेलेला माणूस जागेवरच थांबला तर कमी दोषी दिसतो, असा त्यांचा अंदाज असावा.

ती आत आली. रागावली असेल तर दिसत नव्हतं. म्हणाली, "नाक लावून बघितलं की नुसता रंगच दिसणार. मागं सरका. अजून. पार भिंतीपर्यंत." आम्ही सरकलो. "आता डोळे अर्धे मिटा."

तात्या म्हणाले, "आमी डोळे मिटल्याव तू काय करशील?"

"चित्र घेऊन पळून जाईन. एक डोळा उघडा ठेवा तुम्ही."

मी मिटले अर्धे. आणि खरं सांगतो, ते चित्र बदललं. झाडं, काठ, गवत, जे जे मोजता येण्यासारखं होतं ते सगळं विरघळलं आणि उजेड तेवढा राहिला. वर मंद, खाली पाण्यात त्याच्याहून ओला. मधली पिवळी रेघ तर हललीच जणू. मग रेश्मानं ट्यूब बंद केली. दुपारची वेळ, खिडकीतून तिरपा उजेड येत होता, तेवढ्यानं चित्र आणखी आत गेलं, खोल.

"ट्यूबच्या उजेडात सगळं सारखंच दिसतं," ती म्हणाली. "हे चित्र दिवस बुडताना बघायचं. घरात दिवा लावायच्या थोडं आधी."

"तवा डेअरी असती."

"म्हणून तर म्हणते."

तात्यांनी शेवटी विचारलं. पहिल्यांदाच सरळ. "त्यो उजेड कुनाचा?"

रेश्मानं आधी ट्यूब पुन्हा लावली. मग म्हणाली, "हे मांडवात विचारलं असतं तर मांडवातच सांगितलं असतं. तुम्ही विचारत नाही मामा, तपासता. मग तपासाच." आणि कप ठेवून निघून गेली.

तात्या चहाकडं बघत बसले. मग कप उचलून त्यांनी त्याचाही वास घेतला, पण मनापासून नव्हे.

शनिवारी तात्यांनी जाहीर केलं, शिंगणापूरला तेल वाहायला जायचंय, आद्या गाडीवर नेतोय. संध्याकाळचं दूध हर्षलनं घ्यायचं. काकूंना चक्कर यायची बाकी होती. तात्यांनी संध्याकाळची पाळी सोडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. रेश्मा अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. तिनं मान वर केली नाही, पण "नदीला पाणी भरपूर आहे सध्या, जपून," एवढं म्हणाली. शिंगणापूरला नदीचा काय संबंध, हे तात्यांनी तिला विचारलं नाही.

शिंगणापुरात आम्ही तेल घेतलं. तात्यांनी बाटली उघडून वास घेतला, दुकानदाराचं तोंड बघितलं, मग पैसे दिले. दर्शन झाल्यावर गल्लीतली बिनदाराची घरं बघत ते चालले होते. बाकीचे भाविक हात जोडत होते. तात्या म्हणाले, "दार न्हाई. म्हंजी यांनी सोनंनाणं ठिवलंय कुठं?"

मग गाडीपाशी आल्यावर अगदी सहज सुचल्यासारखं, "हिकडं आलोच हाय तर जरा फुडं जाऊन यू."

"विहीणबाईंकडं?"

"त्यांच्याकडं न्हाई. त्यांच्या नदीकडं."

रेश्माच्या गावाबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावली. उसाच्या कडेकडेनं, गावातल्या कुणाच्या नजरेस न पडता आम्ही दरडीवर पोचलो. दरड म्हणजे नदीचा उंच काठ, खाली सरळ पाणी. चित्र जिथून काढलं ती जागा हीच असणार; समोर वळण तेच, पलीकडचा काळा पुंजका तोच. आम्ही एका येड्या बाभळीच्या आड बसलो. काटे तात्यांच्या सदऱ्यात आणि माझ्या पाठीत.

सूर्य नदीच्या वरच्या अंगाला उतरत होता. तात्यांना राहवेना. "आता साळूबाई आली आसंल. हर्षल तिच्या तोंडाकडं बघनार न्हाई. मोबाईलकडं बघंल." मग, "आता ट्यूब लावली आसंल का नसंल?" मग हळूहळू ते गप्प झाले.

मी त्यांच्याकडं बघत होतो. तात्या संध्याकाळवर पाळत ठेवून बसले होते. कॅनमध्ये पाणी कोण घालतं ते पकडायला बसावं, तसे. पाणी आत्ता सोनेरी होतं. ते केशरी कधी झालं, कोणत्या क्षणी, हे त्यांना पकडायचं होतं. पण तो रंग बदलताना दिसत नव्हता, बदललेलाच दिसत होता. आकाशाकडं बघावं तर तेवढ्यात पाणी जांभळं व्हायचं. पाण्याकडं बघावं तर काठावरची झाडं काळी पडलेली असायची. जन्मात पहिल्यांदा तात्यांच्या डोळ्यांदेखत काहीतरी गेलं आणि त्यांना चोर सापडला नाही.

"ह्ये रोज व्हतं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडं पण होतं तात्या. डेअरीच्या बाहेर."

हवेत गारवा आला. बगळ्यांची एक ओळ पाण्याला घासून गेली. जमीन विझली, पाणी तेवढं उरलं. अगदी चित्रातल्यासारखं. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठाखाली पाण्यात पिवळा ठिपका उमटला, लांबला, थरथरत आमच्याकडं येऊ लागला.

"आला!" तात्यांनी माझं मनगट धरलं. "आला बघ. वर बघ, वर. हाय का दिवा?"

नव्हता. वर नुसती काळी चिंच, खाली पाण्याकडं झुकलेली. तात्या उठले. डावीकडं गेले, उजवीकडं गेले. दिवा नाहीच. रेघ मात्र जिकडं जातील तिकडं त्यांच्या पायापाशी. मग ते दरडीवरून बसत बसत खाली उतरायला लागले. मी मागोमाग, रेश्मानं सांगितलेलं 'जपून' आठवत. पाण्याच्या कडेला पोचून तात्या वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"आद्या. खाली यून बघ."

मी वाकलो. खालून बघितल्यावर चिंचेच्या झुकलेल्या फांद्यांच्या आत दिसत होतं. वरून त्या फांद्या आड येत होत्या. पाण्याला मात्र खालून सगळं दिसत होतं, म्हणून ते सांगत होतं. फांदीला टांगलेला पिवळा बल्ब. त्याच्याखाली माणसं, कॅन, एक टेबल.

"डेअरी हाय," तात्या म्हणाले. परगावात अचानक स्वतःचंच घर दिसावं, तसा आवाज. मग थोडं थांबून म्हणाले, "बल्ब पिवळा ठिवलाय. पिवळ्या बल्बाखाली पातळ दूधबी घट दिसतं. मालक लबाड हाय."

तेवढ्यात रेघ तुटली.

मधोमध. काहीतरी काळं उजेडाच्या आड आलं होतं. माणूस दिसेना, होडी दिसेना, नुसती ती तुटलेली जागा सरकत सरकत आमच्याकडं यायला लागली आणि तिच्या मागं रेघ पुन्हा सांधत गेली. मग वल्ह्याचा आवाज आला.

तात्या कुजबुजले, "पुसलं न्हवतं आद्या. येत हुतं."

आणि पुढच्याच क्षणी बॅटरीचा झोत आमच्या तोंडावर पडला.

"कोन हाय रं तितं? वाळूवाले का? थांबा, बोलावते गावाला!"

आम्ही हात वर केले. तात्यांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडं निरखून बघितलं होतं. त्यांच्या तोंडाकडं असं कुणी बघायची ही पहिलीच वेळ. झोत त्यांच्या टोपीवर गेला, मिशीवर आला आणि तिथंच थांबला.

"आगं बया! व्याही?"

सत्यशीलाबाई होत्या. रिकामा कॅन कमरेशी धरून होडीतून उतरल्या. वल्हवणारा माणूस आमच्याकडं बघतच राहिला.

"शिंगनापूरला आल्तो," तात्या म्हणाले.

"शिंगनापूर हितं कुठं?"

"रस्ता चुकला."

"काट्यात?" बाईंनी तात्यांच्या सदऱ्याला लटकलेली बाभळीची काटकी बघितली. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. हसू गेलं. बॅटरी खाली आली. लेकीचा सासरा तिन्हीसांजेला न कळवता, गावाला चुकवून आपल्या काठावर लपून बसतो, याचा अर्थ काय, हे त्या जुळवायला लागल्या होत्या. "व्याही, पोरीचं काय झालं का? काय चुकलं का तिचं? खरं सांगा."

तात्यांना संशय परका नव्हता, पण दुसऱ्याच्या तोंडावर तो असा दिसतो हे त्यांना ठाऊक नसावं. ते घाईघाईनं म्हणाले, "न्हाई, न्हाई. पोरीचं काय न्हाई. ते चित्र बघाया आल्तो."

"चित्र तर तुमच्याकडं हाय की."

"हाय. पन दिसत न्हवतं."

बाईंना हे कळलं नाही, पण त्यांचा जीव खाली पडला. कॅन वाळूत ठेवत त्या बोलायला लागल्या. अलीकडच्या गावात डेअरी नाही, पुलावरून जायचं तर लांबचा फेरा, म्हणून रोज सांच्याला होडीनं दूध पलीकडं. लेक लहान असल्यापासून. "रेश्मी हितं वर दरडीलाच बसायची, तुमी आत्ता बसला हुता तितंच. अंधारात मी कुठली दिसते! म्हनायची, आई, पान्यातला उजेड मोडला की मला कळतं, तू निघालीस."

तात्या पाण्याकडं बघत होते. "आन न्हाई मोडला तर?"

"तर काय. बसून ऱ्हायची तशीच. कुनी बोलावलं तरी उठायची न्हाई."

पलीकडं बल्ब गेला आणि रेघ एकदम पुसली गेली. आता नदी नुसती आवाजापुरती.

तात्यांनी घसा साफ केला. "फॅट किती लागतंय तितं?"

बाईंनी आकडा सांगितला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. अंधारात दिसलं नाही, पण मला माहीत आहे, त्यांनी तो आकडा मानला नाही.

दिवाळीच्या आधी तात्या दुकानात आले आणि ड्रिल मशीन मागितलं. काय करायचंय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" थोड्या वेळानं त्यांच्या घरातून घरघर ऐकू यायला लागली. मी गेलो. पुढच्या खोलीत, ट्यूबचा उजेड थेट पडणार नाही अशा भिंतीवर चित्र लागलं होतं. खिळ्याला दोरीनं अडकवलेलं नव्हे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून आरपार भोकं पाडून, भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकून, लांब स्क्रूंनी आवळलेलं. गिलावा खाली सांडला होता. ओलीचा कुठं पत्ता नव्हता.

रेश्मा बॅग भरून दारात उभी होती. ती चित्राकडं बघत होती, चौकटीला पडलेल्या भोकांकडं बघत होती आणि तिला रडावं की भांडावं हे ठरवता येत नव्हतं.

"मामा, एक खिळा पुरला असता."

"खिळ्यावरनं काढता येतं."

"म्हणजे?"

तात्या शेवटचा स्क्रू आवळत होते, तिच्याकडं पाठ करून. "तू जा माहेराला. हौसेनं जा. ह्ये हितं ऱ्हाईल. ह्ये हितं असलं म्हंजी तुला परत यावं लागंल."

"आणि नाही आले तर?"

तात्यांचा हात थांबला. "तर काय. बसून ऱ्हाईन तसाच," ते म्हणाले. "कुनी बोलावलं तरी उठनार न्हाई."

हे शब्द कुठून आले, हे रेश्माला ओळखू आलं असणार, कारण तिनं खाली वाकून पडलेला गिलावा हातानंच गोळा केला आणि तोंड पुसायच्या निमित्तानं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "डेअरी कोण बघणार मग?"

"आद्या बघंल. ऐकलंस का रं, साळूबाईचं तोंड बघत जा."

ती संध्याकाळच्या गाडीनं हर्षलबरोबर गेली. सूर्य डोंगराला टेकल्यावर तात्यांनी समोरून हाक मारली, "आद्या, मशीनवर बस जरा," आणि घरात निघून गेले. मी बसलो. साळूबाई आली, तिचं तोंड बघितलं. तिनंही माझं बघितलं. घरातून काकूंचा आवाज येत होता, "आवो, तिन्हीसांज झाली, दिवा लावू द्या की देवापुढं!" आणि तात्यांचा, "थांब जरा. आत्ता लावू नको."

कॅन बाजूला सारून मी उठलो आणि खिडकीतून डोकावलो. खोलीत अंधार, ट्यूब बंद. भिंतीवरचं पाणी तेवढं जागं. तात्या पार समोरच्या भिंतीला टेकून बसले होते, सुनेनं सांगितलं होतं तसे, डोळा अर्धा मिटून. एकच. दुसरा टक्क उघडा होता, स्क्रूवर.